सेकंडची चाळीस ताटं

मी बाईंना ताटांत फसवलं, आणि शाळेनं मला निकालात फसवलं. माझ्या फसवणुकीची कबुली मी बाईंच्या समोर बसून दिली आहे. शाळेनं अजून दिलेली नाही.

बाई आमच्या वस्तीतल्या सरकारी प्राथमिक शाळेत शिकवायच्या. सगळी वस्ती त्यांना मॅडम म्हणायची. मी एकटी बाई म्हणायचे, कारण रेल्वे लाइनीच्या त्या सगळ्या काठावर मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच. त्यांचे वडील कारखान्यातल्या नोकरीवर पुण्याहून भोपाळला आलेले, त्यामुळे त्यांची मराठी इस्त्री केल्यासारखी. माझी अमरावतीकडची, त्यात भोपाळची हिंदी कालवलेली. त्या मला माझ्या नावानं कधी हाक मारत नसत. 'सौदागर' म्हणायच्या. "या सौदागर, आज कुणाला गंडवलंत?" मला राग यायचा. माझा राग तसाही नाकावरच असतो. पण बाईंवर फार वेळ रागावता यायचं नाही. त्या उत्तराची वाटच बघत नसत. बोलून झालं की कुठल्यातरी पोराचं नख कापायला वळायच्या.

मी लग्न होऊन भोपाळला आले तेव्हा बारावी झालेली होते. नवरा एका कचेरीत रोजंदारीवर होता. तिसऱ्या वर्षी ते काम सुटलं, मग तो दुसऱ्यांच्या गाड्या चालवायला लागला आणि महिन्यातले वीस दिवस बाहेर. मी डोक्यावर टोपली घेतली. बाग सेवनियाच्या कॉलन्यांत दारोदार फिरून जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी द्यायची. आज अशोका गार्डनला माझं स्वतःचं दुकान आहे, दारातच भांड्यावर नाव घालायचं मशीन आहे, आणि यातलं काहीही मला कुणी दिलेलं नाही. या धंद्यात डोळा लागतो. घरातली बाई म्हणते, "एकदाच नेसलीय हो." मी साडी उलगडते आणि खिडकीकडे धरते. बसायच्या जागेवरून उजेड आरपार येतो. मग भाव बोलते.

शाळेत पाच इयत्ता, एक हॉल आणि दोन खोल्या. मोठ्या सरांच्या, म्हणजे हेडमास्तरांच्या खोलीत मोठे सर आणि तांदळाची पोती. दुसरे एक सर होते, पण ते कायम कसल्यातरी ड्यूटीवर, कधी मतदार यादी, कधी सर्वे. त्यामुळे पाचही इयत्ता हॉलमध्ये, बाईंच्या समोर. हॉलच्या भिंतीपलीकडे रूळ. मालगाडी आली की काही ऐकू यायचं नाही. बाई एका शब्दाच्या मध्यावर हात वर करायच्या, वाहतूक पोलिसासारखा, आणि तशाच थांबायच्या. सगळा वर्ग बोटांवर डबे मोजायचा. शेवटचा डबा गेला की हात खाली, आणि उरलेला अर्धा शब्द पोरांनी एका आवाजात म्हणायचा. "पहा..." म्हणून गाडी आली तर छप्पन डब्यांनंतर एकोणचाळीस पोरं ओरडायची, "ड!" मग बाई विचारायच्या, "कितने डिब्बे?" कुणी छप्पन म्हणे, कुणी अठ्ठावन्न, आणि त्या भांडणातून वजाबाकी सुरू व्हायची. एकदा गाडी रुळावरच उभी राहिली, हलेना. बाईंनी बराच वेळ हात वर धरला, मग दुसऱ्या हातानं त्याला आधार दिला, आणि शेवटी सगळा वर्ग कुंपणापाशी नेऊन डब्यांवर जे काही लिहिलं होतं ते वाचायला लावलं.

जन्म भोपाळात गेला तरी त्यांची हिंदी धड नव्हती. "पंखा बंद हो गई," असं बिनदिक्कत म्हणायच्या. "हो गया, मैडम!" पोरं किंचाळायची. जो आधी सुधारेल तो त्या दिवशी पहिल्या रांगेत. मी एकदा म्हटलं, "बाई, इतक्या वर्षांत पंखा बाई की बाप्या हे कळलं नाही तुम्हाला?" त्या म्हणाल्या, "या पोरांना घरी सगळे चुकलास म्हणतात. दिवसातून एकदा तरी त्यांनी कुणाला तरी चुकलीस म्हणावं की नाही?" मुद्दाम करायच्या की खरंच येत नव्हतं, ते मला अजूनही कळलेलं नाही.

एखादं पोर दोन दिवस आलं नाही की तिसऱ्या दिवशी सकाळी बाई त्याच्या घरी हजर. बाजेवर बसायच्या. चहा घेत नसत, पाणी मागायच्या. पाण्याचा तांब्या हातात आला की त्या पाण्यानं पोराचं तोंड धुवायच्या आणि त्याला हाताला धरून घेऊन जायच्या. पोराची आई बघत राहायची. अशीच एक आई माझ्याकडे तक्रार करत होती, "दीदी, इनको पानी देना ही गलती है."

असल्या बाई एका दुपारी माझ्या खोलीवर आल्या. तेव्हा दुकान नव्हतं, खोलीच दुकान होती. बरोबर साड्यांचं गाठोडं.

"बावीस आहेत," बाई म्हणाल्या. "खालच्या सहा आईच्या. त्या खिडकीत धरू नका. धरल्यात तरी काही दिसायचं नाही."

मी धरल्या. खरंच काही दिसलं नाही. असं घट्ट विणलेलं सूत आता मिळत नाही. माझ्या तोंडाला पाणी सुटलं, पण चेहरा मी पाडूनच ठेवला.

"काय देऊ? कुकर? डब्यांचा सेट?"

"चाळीस ताटं. साधी. आणि प्रत्येकावर नाव घालून."

"चाळीस? लग्न आहे का घरात?"

"आहे ना. रोज दुपारी बारा वाजता."

शाळेत दुपारचं जेवण मिळायचं ते खायला पोरं घरून काहीही आणायची. डब्याचं झाकण, प्लॅस्टिकची पिशवी. एकजण वहीचं पान आणायचा आणि डाळ पडली की पानासकट खायचा. हे मला माहीत होतं, माझी पोरगी रेवा तिथेच तिसरीत होती. तरीही मी घासाघीस केली. ती माझी सवय आहे, तिला माझा इलाज नाही.

"चाळीस नाही बसत, बाई. तीस देते. जाड, एकसारखी, दहा वर्षं बघायला नको."

"पोरं एकोणचाळीस, आणि एक मी. मी तळहातावर खाईन. नऊ पोरांना काय सांगू, सौदागरशी भाव जमला नाही?"

"बरं, चाळीस."

"एकसारखीच ना?"

"एका साच्यातली," मी म्हटलं.

माळ्यावर सेकंडच्या मालाचं एक पोतं पडून होतं. कुणाचा काठ दबलेला, कुणाच्या बुडाला पोचा, कुठलं हलकं, कुठलं भारी, दोन सारखी सापडायची नाहीत. तीच चाळीस मी पुसून चकचकीत केली. नावं मात्र मन लावून घातली. काठावर, मोठ्या अक्षरात, वाटणाऱ्याला वरून वाचता येतील अशी. शेवटच्या ताटावर 'मैडम'. बाई घेऊन गेल्या. साड्या मी एका शिंप्याला दिल्या, त्याच्या बदल्यात आलं ते माझं नाव घालायचं मोठं मशीन. दुकानाची सुरुवात तिथून आहे.

बाईंची पद्धत अशी की ताटं रोज मिसळून एकावर एक रचायची. रोज एका पोरानं वाटायची. वरचं ताट उचलायचं, नाव मोठ्यानं वाचायचं, ज्याचं असेल त्यानं येऊन घ्यायचं. भाताला वाफ येत असायची, सगळी पोरं भुकेली, आणि समोर उभा असलेला गोलू 'शिफा'च्या पहिल्या अक्षराशी अडलेला. कुणी हळूच नाव फोडलं तर बाई म्हणायच्या, "थाली उसके हाथ में है, मुँह तेरा क्यूँ चल रही है?" वाट बघावी लागायची. पण दिवाळीपर्यंत, पुस्तकातली एक ओळ न येणारी पोरंसुद्धा एकोणचाळीस नावं वाचायला लागली. हे मी ऐकलेलं सांगत नाही, दारात उभं राहून बघितलेलं सांगते.

आणि त्या सगळ्यांत रेवा पहिली. तिची पाळी आली की पोरं टाळ्या वाजवायची, कारण जेवण दोन मिनिटांत सुरू. ताटाला हात लावला की नाव. "सोनम. अंकित. शिफा. गोलू." ताटाकडे बघायचीसुद्धा नाही. मी दारात उभी राहून शेजारणीला म्हटलं, "बघ. अशी हुशारी कोणती ट्यूशन लावून येत नाही." आज ते वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. भांडीवालीची पोरगी. माळ्यावरच्या पोत्याशेजारी झोपून मोठी झालेली. ताटाकडे न बघता नाव सांगते म्हणजे काय, हे मला कळायला नको?

वर्षाच्या शेवटी प्रगतिपत्रक आलं. हिंदी वाचन, ई. ए, बी, सी, डी, आणि सगळ्यात खाली ई.

मी तशीच शाळेत गेले. टोपलीसकट. पोरं घरी गेलेली, बाई हॉल झाडत होत्या.

"बाई, ही ई कुणाची?"

"रेवाची."

"जी सगळ्यांची ताटं वाटते तिला वाचता येत नाही?"

"तिला ताटं येतात," बाई म्हणाल्या. "वाचता येत नाही. ती पोच्यावरून ओळखते. अंकितच्या ताटाचा काठ दबलेला आहे, शिफाचं उचललं की हलकं लागतं. थांबा, एक नवीन नाव लिहून..."

"कुठले पोचे?" मी ओरडले. "माझ्या मालाला पोचे नाहीत!"

बाईंनी झाडू भिंतीला टेकवला. माझ्या मुलीबद्दल चाललं होतं आणि मी माझ्या मालाची बाजू घेत होते. ते मला तेव्हा कळलं नाही. मला एवढंच कळलं की पोचे आहेत असं कबूल केलं तर साड्यांचं निघेल.

मग मी जे येतं ते केलं. घासाघीस. "बरं, डी करा. पहिल्यांदाच आहे, सी करून टाका, कुणाला कळतंय."

"सौदागर, मार्कांवर फुकट कोथिंबीर मिळत नाही." मग त्या जवळ आल्या आणि हळू बोलल्या, जे त्या क्वचित करायच्या. "ऐका. ई असली की मला तिला रोज जास्तीच्या तासाला बसवता येतं. तसा नियमच आहे. दिवाळीपर्यंत वाचायला लावते, शब्द देते. बी लिहिलं की तिला कुणी काही विचारणार नाही. पाचवीपर्यंत कुणीही विचारणार नाही."

मी टोपली उचलली आणि मोठ्या सरांच्या खोलीत गेले. मोठे सर गोड माणूस. "अरे भाभीजी, बैठिए तो. आप काहे को टेन्शन लेती हैं?" त्यांनी कार्ड ठेवून घेतलं. म्हणाले, मॅडमबद्दल अशा तक्रारी बऱ्याच आहेत, निकाल खाली आला की वरून शाळेला विचारणा होते, तुम्ही एक अर्ज द्या. अर्ज लिहिलेलाच होता. मॅडम बच्चों का मनोबल गिराती हैं. खाली सह्यांची जागा. सौद्यात आपल्यालाही काहीतरी द्यावंच लागतं. पहिली सही माझी.

दोन दिवसांनी कार्ड मिळालं. बी. मी पेढे वाटले. चढेलपणानं बाईंनाही दिला. त्यांनी पेढा एका हातात घेतला, दुसऱ्या हातात कार्ड. कार्ड उलटं केलं, खिडकीकडे धरलं, थोडा वेळ बघितलं. मग दोन्ही मला परत दिली आणि म्हणाल्या, "रेवाला द्या. तिला गोड आवडतं."

शाळा पुन्हा सुरू झाली तेव्हा बाई तिथे नव्हत्या. त्यांना शिक्षण खात्याच्या कुठल्याशा कचेरीत अटॅच केलं होतं. भोपाळात ज्याला काढता येत नाही त्याला अटॅच करतात. हॉलमध्ये कुणी एक अतिथी शिक्षक आले, मग गेले, मग दुसरे आले. ताटं स्वयंपाकीण वाटायची, वरची वर, कुणाचं कुणाला. रेवा चौथीत बी, पाचवीत ए. तोवर आम्ही वस्ती सोडून दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत राहायला आलो होतो. ए आलेलं कार्ड मी दुकानात देवाच्या फोटोखाली लावलं.

सहावीच्या सुट्टीत रेवा मशीनवर बसायला लागली. हात फार सुरेख. कागदावर जे असेल ते भांड्यावर हुबेहूब. लग्नाचे दिवस होते, मी मालासाठी बाहेर गेले होते. एक गिऱ्हाईक मोठी कळशी आणि चिठ्ठी ठेवून गेलं. मी परत आले तेव्हा रेवा कळशी पुसत होती, चेहऱ्यावर हसू. कळशीच्या पोटावर, वेलबुट्टीच्या मधोमध, माझ्यापेक्षाही देखण्या अक्षरात लिहिलं होतं: 'सौ. कां. पूजा को बुआ जी की ओर से भाभी परसों तक दे देना जल्दी है'.

मी हसले. खूप हसले. माझ्या पाठोपाठ गिऱ्हाईक आलं, तेही हसलं. मग मी रेवाकडे बघितलं. ती पण हसत होती, आम्ही हसतोय म्हणून. तिला कळलंच नव्हतं काय झालं ते.

"रेवा, ये क्या लिखा है? पढ़."

तिनं कळशी उचलून हातात तोलली. वजन बघत होती. पोचा शोधत होती. कोरी कळशी, तिला कुठे पोचा? ती म्हणाली, "मम्मी, इसका नाम मेरे को नहीं मालूम."

मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं. देवाखालचं ए बाजूला ठेवलं, पेटीतून तिसरीचं कार्ड काढलं आणि वीस वर्षं परक्यांच्या साड्यांचं जे केलं ते पहिल्यांदा माझ्या मुलीच्या निकालाचं केलं. खिडकीकडे धरलं. समोरून पांढऱ्या लेपावर निळी बी. उलटं केलं तर मागून, उजेडात, दाबून लिहिलेली बाईंची ई.

दुसऱ्या दिवशी मी ती कचेरी शोधून काढली. बाई एका लांब खोलीच्या टोकाला बसल्या होत्या, समोर फायलींचा ढीग. फायलींना नंबर टाकायचं काम. खिडकीतून मुख्य रस्ता दिसत होता, आणि मी गेले तेव्हा एक लांबलचक ट्रक जात होता. बाईंचा हात टेबलावरून इंचभर वर उठला आणि परत खाली आला.

"या सौदागर. इथे कुणाला गंडवायला आलात?"

मला वाकडं बोलता येतं, भांडता येतं, सरळ बोलता येत नाही. तरी बोलले. कळशीचं सांगितलं. सहीचं सांगितलं. मग म्हटलं, "आणि ती ताटं सेकंडची होती. आईच्या साड्यांवर मी तुम्हाला रद्दी माल दिला. एकसारखी दिली असती तर रेवाला वाचावं लागलं असतं."

बाई खरंच हसल्या. "मला काय डोळे नाहीत? पहिल्याच दिवशी बघितलं. बाहेर विचारून आले होते मी. तेवढ्या साड्यांवर चांगली तीसच बसत होती. तुम्ही चाळीस म्हणालात तेव्हाच कळलं."

"मग घेतली का?"

"नऊ पोरं कशात जेवली असती?" मग फायलीचा कोपरा सरळ करत म्हणाल्या, "रेवाचं दुसऱ्या आठवड्यात लक्षात आलं माझ्या. तेव्हाच थांबवायला हवं होतं. पण ती पहिल्यांदा सगळ्यांसमोर उभी राहिली होती हो. टाळ्या पडत होत्या. मी म्हटलं, चार दिवस घेऊ दे. त्या चार दिवसांचे चार महिने झाले. ती चूक माझी. ती तुमच्या पोत्यावर नका घालू."

मी पदर तोंडाला लावला. बाई म्हणाल्या, "रडताय कशाला? दुकान कुठे म्हणालात? बस जाते का तिकडे?"

तेव्हापासून कचेरी सुटली की बाई दुकानात यायच्या. साडेपाचला. मशीनशेजारी एक स्टूल त्यांचं. पुस्तक कधी आणलं नाही. गिऱ्हाइकाची चिठ्ठी आली की रेवानं आधी वाचायची, मग कोरायची. गिऱ्हाईक खोळंबायचं. मी चरफडायचे. "बाई, धंदा आहे हा." "मग गिऱ्हाइकाला पाणी द्या, सौदागर." एकदा एक पैलवान गडी रागावला, "अरे लिख भी दो, दो अक्षर का नाम है." बाई त्याला म्हणाल्या, "दो अक्षर का है ना? तो तुम्हारा क्यूँ जान जाती है?" "तुम्हारा नहीं, तुम्हारी... मतलब, जान मेरी, तुम्हारी नहीं," म्हणत बिचारा गोंधळून बसून राहिला. रेवा हसत सुटली आणि त्या हसण्यात 'राजू' वाचून मोकळी झाली.

कळशी त्या गिऱ्हाइकानं नेली नाही. मी दुसरी दिली, ही दुकानातच राहिली. एका संध्याकाळी रेवा ती पुसता पुसता थांबली. बोट फिरवत गेली. "प-र-सों. परसों. तक." मग मान वर करून बाईंकडे बघितलं आणि तिचा चेहरा लालबुंद झाला. "मैडम, ये तो मैंने... मम्मी! तुमने बताया क्यूँ नहीं कि ये क्या लिखा है!" आणि दोघी इतक्या हसल्या की बाईंना ठसका लागला. मी गल्ल्यामागे वाकून काहीतरी शोधत असल्याचं सोंग केलं. बारा वर्षांची झाली होती पोरगी. आज नववीत आहे. अडखळते, पण वाचते, आणि समजलं नाही तर विचारते. ते तिला बाईंनी शिकवलं.

परवा बाई निवृत्त झाल्या. शाळेतून नाही, फायलींच्या टेबलावरून. शेवटच्या दिवशी समोर एकही पोर नव्हतं. आठवडाभर आधी मोठे सर माझ्या दुकानात आले. तेच गोड. "भाभीजी, मैडम की विदाई है, अच्छा सा डिब्बा दिखाइए. और घर का भाव लगाइए." बरोबर चिठ्ठी, डब्यावर काय कोरायचं त्याची. रेवा मशीनवर होती. तिनं चिठ्ठी घेतली आणि सवयीनं मोठ्यानं वाचली. "उत्कृष्ट... शिक्षण... सेवा के लिए... सप्रेम भेंट."

सर खूश झाले. "वाह, बिटिया तो बढ़िया पढ़ती है. हमारे ही स्कूल की है ना?"

मी तिसरीचं कार्ड काढलं. त्यांच्यासमोर उलटं केलं आणि दारातल्या उन्हाकडे धरलं. त्यांनी बघितलं. नजर बाजूला घेतली. "छोड़िए ना, भाभीजी. पुरानी बात है. अर्ज़ी पर आपका भी तो साइन था."

"था. उसका जवाब मैंने दे दिया, मैडम को, उनके सामने बैठ के," मी म्हटलं. "अब आप अपना दीजिए. ये सफेद लेप किसने लगाया?"

"ऊपर से..." एवढं म्हणाले आणि घड्याळ बघून निघून गेले. डबा दुसरीकडून घेतला असेल. चिठ्ठी माझ्याकडे राहिली.

ती चिठ्ठी आणि ते कार्ड मी आता कळशीत ठेवलं आहे. रेवाच्या वर्गातला गोलू तिकडे वस्तीजवळ गॅरेजमध्ये कामाला आहे. परवा त्याला गाडीवरची सूचना वाचायला सांगितली तर म्हणाला, "आंटी, चश्मा नहीं है." पंधराव्या वर्षी चष्मा. त्याच्या पाचवीच्या कार्डावरही ए आहे, त्याच्या आईनं दाखवलं. ती अजून ते फ्रेममध्ये ठेवते. मी तिच्या घरी ते खिडकीकडे धरलं नाही. माझी हिंमत झाली नाही.

माझ्या मुलीला परत शिकवायला बाई बसनं आल्या. बाकीच्या अडतीस जणांकडे कोण जाणार? त्या हॉलमध्ये त्या वर्षी कितीजणांना ई होती, कितीजणांवर लेप लागला, आणि ज्या बाई त्यांना दुपारी थांबवून शिकवायला तयार होत्या त्यांना फायलींना नंबर टाकायला कुणी बसवलं? मोठ्या सरांनी सांगावं. त्यांना वरून सांगितलं असेल तर वरच्यांनी खाली उतरून सांगावं. अशोका गार्डनला माझं दुकान सकाळी दहाला उघडतं. अडतीस कार्डं घेऊन या, माझ्या दारात ऊन चांगलं येतं, एकेक करून धरू. यात घासाघीस होणार नाही.